मिस्त्रींचं तण

वाफ्यात उपटायला तण उरलं नाही, तेव्हा मिस्त्रींनी वांगी उपटली.

काकू नळावर झारी भरत होत्या. पाठ वळली तेवढाच काय तो वेळ. परत येऊन बघतात तर नुकती कुठे मूळ धरू लागलेली वांग्याची रोपं जमिनीवर ओळीनं आडवी. प्रत्येकाच्या मुळांची माती नीट झटकलेली, शेंडे सगळे एका बाजूला. आणि मिस्त्री उकिडवे बसल्या बसल्याच मिरच्यांकडे सरकत होते.

"अहो! अहो, हे काय केलंत?"

"साफ केलं," मिस्त्री म्हणाले. "फार माजलं होतं."

काकूंनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं की मिस्त्री घाबरायचे, घाबरले की उठायचे, आणि एकदा उठले की त्यांना खाली बसवणं कोणाच्या बापाला जमत नसे. काकूंनी गुपचूप खुरपं घेतलं आणि रोपं परत लावायला सुरुवात केली. मिस्त्रींना वाटलं, कामाला माणूस वाढलं. काकू पुढे लावत गेल्या आणि मिस्त्री मागून उपटत आले. ओळीच्या टोकाला पोचल्यावर काकूंनी वळून बघितलं आणि मटकन खाली बसल्या. हसू येतंय की रडू, त्यांनाच कळेना. मातीच्या हातांनी डोळे पुसले आणि सगळा चेहरा बरबटून घेतला.

"काय झालं?" मिस्त्रींनी काळजीनं विचारलं. "पडलात का बाई तुम्ही?"

काकूंचे यजमान मिस्त्री, म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात काढला होता. तळमजल्यावर उभं राहून नुसता आवाज ऐकायचे आणि सांगायचे, वरची पुली कोरडी पडलीय, तेल द्या. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. मग शब्द हरवायला लागले, मग रस्ते, मग माणसं. स्क्रूड्रायव्हरनं चहा ढवळायला लागले तेव्हा काकूंनी त्यांना मेंदूच्या तज्ज्ञाकडे नेलं. त्यानं आजाराला लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "जपा त्यांना." कसं जपायचं ते काही सांगितलं नाही.

सकाळ बरी जायची. दुपारचं जेवण झालं की मिस्त्रींच्या पायांना भिंगरी लागायची. "ड्युटी आहे," म्हणायचे आणि चपला शोधायला लागायचे. काकू घरी शिवणकाम करत. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची चेन बदल, कुणाचा कोट पोटाशी सैल कर. शिवताना डोळे सुईवर ठेवावे लागतात, आणि डोळे सुईवर गेले की मिस्त्री दारातून पसार. एकदा ते शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा कचेरीच्या इमारतीत सापडले. लिफ्टचं पॅनेल त्यांनी चमच्यानं उघडलं होतं, आणि माणसं दोन मजल्यांच्या मधे अडकून आरडाओरडा करत होती. घरी आणून सोडलं तेव्हा मिस्त्रींचा कान लाल होता, गालावर बोटं उमटलेली. कोणी मारलं ते कोणी सांगितलं नाही. मिस्त्री एवढंच म्हणत होते, "मी आणली असती खाली. हातच लावू दिला नाही त्यांनी."

त्यानंतर काकूंनी दाराला कुलूप लावलं. मिस्त्री बंद दारावर मुठी आपटत राहिले. मूठ सुजून लाल झाली. वरच्या मजल्यावरची माणसं फरशी ठोकून गप्प बसायला सांगू लागली. कुलूप लावलं तर हा छळ, आणि काढलं तर जीव टांगणीला. काकूंना कुठे डोकं आपटावं कळेना.

शहराच्या पाण्याच्या टाकीमागे मोकळ्या जमिनीचे तुकडे पाडून लोकांना भाजी लावायला दिलेले होते. त्यातला एक बरीच वर्षं काकूंकडे होता. सगळ्या तुकड्यांना मिळून उंच तारेचं कुंपण आणि एकच फाटक. फाटकाची कडी वर उचलून मग बाजूला सरकवावी लागे. ज्या माणसानं जन्मभर लिफ्टची दारं उघडली, त्याला ती कडी उघडेना. एका दुपारी नाइलाजानं काकू त्यांना बरोबर घेऊन गेल्या, आणि मिस्त्री वाफ्याशी बसले ते उन्हं उतरेपर्यंत उठले नाहीत. तण उपटत बसले. ड्युटीचं नाव नाही, चपलांची आठवण नाही. लेकीचं नाव त्यांच्या डोक्यातून गेलं होतं, पण तणातली घोळ कुठली आणि लावलेला पालक कुठला हे बोटांना बरोबर कळत होतं. पालथ्या बादलीवर बसून काकूंनी एक अख्खी पँट हातशिलाईनं दुमडून काढली, आणि मधे एकदाही त्यांना धावत सुटावं लागलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. पण मिस्त्रींचा हात फार जलद, आणि तुकडा केवढासा. बघता बघता जमीन तळहातासारखी स्वच्छ झाली, आणि मग पाळी वांग्यांवर आली.

वांगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बादली घेऊन गटाराच्या कडेला गेल्या. तिथलं तण मुळासकट काढून आणलं आणि आपल्या वाफ्यात लावलं. वर झारीनं पाणी घातलं. समोरच्या तुकड्यातली बाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"काकू, बरं आहे ना सगळं? तण लावताय तुम्ही."

"माहीत आहे मला."

"नाही, म्हणजे आमच्याकडे नको तितकं आहे. हवं तर न्या." बाई हसली. तिनं आपली थट्टा आपणच हसून संपवली, पण काकू बादली घेऊन खरंच तिच्या तुकड्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. बाईचं हसू जागच्या जागी विरलं.

दुपारच्या उन्हात त्या सगळ्या लावणीनं माना टाकल्या. मिस्त्रींनी एक रोप चिमटीत धरून बघितलं. "हे मेलंय," म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले. मेलेल्या कामाला ते हात लावत नसत. त्या दुपारी काकूंनी त्यांचा दंड धरून कुंपणाच्या कडेकडेनं त्यांना फिरवलं. फेऱ्यांवर फेऱ्या घातल्या. पाय भरून आले, जीभ टाळ्याला चिकटली, आणि मिस्त्री दर वेळी फाटकापाशी आले की म्हणत, "आता जाऊ दे मला, बाई. लोक अडकलेत वर."

मग काकूंनी वेगळा विचार केला. तण आणून जगत नाही, पण आपोआप येतं ते मारून मरत नाही. तेव्हा येऊ द्यायचं. मिस्त्रींचा बसायचा पाट जिथे ठेवू तिथे ते बसतात; तर पाट आज वाफ्याच्या या बाजूला, आठवड्यानं त्या बाजूला. इकडचं मिस्त्री उपटतील तोवर तिकडचं वाढेल. तिकडे काकू स्वतः खुरपं लावणार नाहीत. ज्या बाईनं आयुष्यभर वाफ्यात गवताची काडी टिकू दिली नाही, ती आता उगवलेल्या तणाला पाणी घालू लागली. टोमॅटोच्या बुडाशी घोळ पसरली, भोपळ्याच्या वेलाशेजारी रानमाठ कमरेएवढा झाला, कडेनं बारीक पिवळ्या फुलांचं कसलंसं जंगल माजलं. त्याचं नाव काकूंना माहीत नव्हतं.

लव्हाळाही त्यांनी ठेवून बघितला. लव्हाळ्याचं मूळ खोल जातं, वर उपटलं तरी खालची गाठ शाबूत राहते आणि आठवड्यात पुन्हा पातं वर येतं. काकूंना वाटलं, हे बरं, हे कधी संपायचंच नाही. पण तो कांद्यात घुसला आणि कांद्याच्या पाती पिवळ्या पडून बसल्या. शेवटी काकूंनी दोन्ही गुडघे टेकून, कुदळीनं खणून एकेक गाठ काढली. सगळंच तण ठेवण्यासारखं नसतं, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं. पाठ मात्र पुढे बरेच दिवस दुखली.

शेजारचा तुकडा दाताच्या डॉक्टरांचा. तेच या तुकड्यांची देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या वाफ्यात मुळे असे ओळीत की दाढा बसवल्यात म्हणावं. दोन ओळींच्या मधली माती झाडूनसुद्धा घेत असत. एक दिवस ते हद्दीच्या दोरीपाशी येऊन उभे राहिले.

"काकू, हे काय चाललंय? तुमचं बी उडून सगळं माझ्याकडे येतं. मी काढून काढून थकलो."

"काढते हो डॉक्टर."

"काढते काढते म्हणता आणि वाढतंच आहे. लोक कुरकुर करतात. नियम आहे आपला, तुकडा स्वच्छ नसेल तर परत घ्यायचा. पाहणी जवळ आली. मला अध्यक्ष म्हणून काहीतरी करावंच लागेल."

तुकडा परत घ्यायचा म्हटल्यावर काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्री गप्प गप्प असतात, म्हातारपण, असंच सगळे समजत. काकूंना ते सोयीचं वाटायचं. आता त्या दोरी ओलांडून सरळ डॉक्टरांच्या झाडलेल्या मातीत गेल्या.

"डॉक्टर, पाया पडते तुमच्या. तुकडा घेऊ नका."

"अहो, अहो, काकू, हे काय!"

"त्यांना काही आठवत नाही. मी कोण तेही नाही. दुपारी इथे बसून तण उपटतात म्हणून घरी परत येतात, नाहीतर कुठे जातील, कोणाच्या गाडीखाली येतील. तण संपलं की भाजी उपटतात, भाजी संपली की फाटक धरतात. मला भाजी नको. एक पान नको. मला तण हवंय."

डॉक्टरांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री एक घोळ उपटून मुळाची माती झटकत होते, अगदी हलक्या हातानं.

"औषध असेल ना काही यावर?"

"हेच आहे सध्या," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या एकट्याच्या हातात नाही," ते म्हणाले. "मंडळापुढे मांडतो."

त्याच सुमाराला ऊन तापलं. टाकीचं पाणी फक्त सकाळी थोडा वेळ सुटू लागलं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या वाफ्यांना भेगा पडत, वरचा थर पापडासारखा वळे. समोरच्या बाईची पालेभाजी करपली. डॉक्टरांचे मुळे वाढायचे थांबले आणि वाल तर माव्याच्या किडीनं काळे झाले. शेंड्यांवर बोट फिरवलं की चिकट.

काकूंनी आपल्या वाफ्याची आशा केव्हाच सोडली होती. एक दिवस टोमॅटोच्या बुडाशी पसरलेली घोळ मिस्त्रींनी ओढली आणि खालची माती काळी, ओली निघाली. काकूंनी बोट खुपसून बघितलं. गार होती. त्यांनी जागोजागी बोटं खुपसली. जिथे तण होतं तिथे ओल, आणि मिस्त्रींनी कालच साफ केलेल्या कोपऱ्यात धूळ. मावाही त्यांच्याकडे आला होता, पण तो रानमाठाच्या कोवळ्या शेंड्यांवर जमला होता आणि त्याला खायला लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे येऊन बसले होते. शेजारची मिरची हिरवीगार. पिवळ्या फुलांवर मधमाश्यांची गर्दी, आणि तिथून त्या भोपळ्याच्या फुलांत शिरत. इतर वर्षी काकूंच्या भोपळ्याची निम्मी फुलं नुसतीच गळून जायची. यंदा देठादेठाला फळ धरलं होतं.

दुसरं वर्ष असतं तर काकू आनंदानं सगळ्यांना बोलावत सुटल्या असत्या. आता त्यांनी फक्त मिस्त्रींकडे बघितलं. "अहो, बघा ना, भोपळे किती आलेत."

"कोणाचे?" मिस्त्री म्हणाले.

पाहणीला मंडळाची माणसं आली. फाटकापासूनच एकजण म्हणाला, "हे तर जंगल आहे." दुसरा म्हणाला, "साप निघेल इथे." काकू वाफ्याच्या तोंडाशी हात जोडून उभ्या होत्या. डॉक्टर खाली वाकले, घोळ बाजूला केली आणि मातीत बोट घातलं. मग रानमाठाचा एक शेंडा वाकवून चष्मा वर करून जवळून बघितला.

"वाटा मोकळ्या ठेवायच्या," ते काकूंना म्हणाले. "उंच तण बी धरायच्या आत कापायचं. आणि लव्हाळा, हरळी, हे दोन माझ्या बाजूला आलं तर मी ऐकून घेणार नाही."

"नाही येणार."

"बाकी राहू द्या."

"डॉक्टर, पण नियम..." मागचा माणूस म्हणाला.

"नियम भाजी नीट यावी म्हणून केला होता ना? मग भाजी बघा. माझ्याकडे बघा आणि यांच्याकडे बघा."

डॉक्टरांना हे सोपं गेलं नाही. त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. काकूंनी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवण केलं आणि ताटावरच त्यांना हुंदका आला.

ते सुख थोडेच आठवडे टिकलं. मिस्त्रींच्या बोटांतूनही आता ओळख निघून चालली. आधी ते मिरची आणि माठ दोन्ही उपटू लागले. काकूंनी उपटू दिली. मग अर्धवट उपटून सोडून देऊ लागले. मग एका दुपारी पाटावर बसले आणि समोर एवढं तण माजलेलं असून हात मांडीवरच राहिले. काकूंनी एक घोळ त्यांच्या बोटांत दिली. "हे बघा, किती माजलंय." मिस्त्रींनी ती घेतली, खाली ठेवली, उठले आणि फाटकाकडे चालू लागले. खताची गाडी आत येत होती, फाटक सताड उघडं. काकूंच्या मांडीवर कोट, कोटात सुई. त्या कोट टाकून धावल्या, पण मिस्त्री दिसेनासे झाले होते. संध्याकाळी ते मोठ्या रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर बसलेले सापडले. दोन्ही बाजूंनी वाहनं जात होती, आणि ते हात वर करून एकेकाला थांबायची खूण करत होते.

त्यानंतर काकूंनी घरातच राहायचं ठरवलं. कापडाची एक लांब पट्टी शिवली. तिचं एक टोक मिस्त्रींच्या मनगटाला, दुसरं आपल्या घोट्याला. मशीन चालवताना पट्टीला हिसका बसला की समजायचं, उठले. हिसके दिवसभर बसत. घोट्याला वळ उठला, मग त्याची जखम झाली. वरच्या मजल्यावरून फरशी ठोकली जायची आणि काकू मशीन चालवत राहायच्या, कारण मशीनचा आवाज चालू असला की मिस्त्री जरा स्वस्थ बसत.

परगावी औषधाच्या दुकानात काम करणारी लेक न कळवता आली. दारातच थबकली.

"आई... तू बाबांना बांधून ठेवलंयस?"

"त्यांना नाही," काकू म्हणाल्या. "मला बांधलंय. बघ ना, जखम कोणाला झालीय."

लेकीनं खाली बसून आईच्या घोट्याची पट्टी सोडली. मिस्त्री तिच्याकडे बघून हसले आणि काकूंना म्हणाले, "ही पोरगी चांगली आहे. हिला ठेवून घ्या."

"आई, मी किती दिवस सांगतेय. अशा माणसांना सांभाळणारी ती संस्था चांगली आहे, मी बघून आलेय. माणसं आहेत तिथे, पाळीपाळीनं."

"मी असताना?"

"तू कुठे आहेस? आरशात बघितलंस का स्वतःला? उद्या तू पडलीस तर त्यांना कोण उचलणार? मी तिकडे औषधं देत बसते आणि दर फोनला वाटतं, आता काय ऐकायला मिळतंय."

काकू भांडल्या. रागावल्या, रडल्या, लेकीला नाही नाही ते बोलल्या. मग मिस्त्रींच्या कपड्यांना, संस्थेत हरवू नयेत म्हणून, आतून एकेक लाल टाका घालायला बसल्या. प्रत्येक टाका घालताना त्यांना वाटत होतं की हा उसवून टाकावा आणि दार लावून घ्यावं.

संस्था स्वच्छ होती. अंगणात फरशी, फरशीच्या सांध्यातही हिरवं काही नाही. पहिल्या भेटीला काकू गेल्या तेव्हा मिस्त्री पलंगावर बसून चादरीचे दोरे ओढत होते. दुसऱ्या भेटीला त्यांच्या दोन्ही हातांत जाड कापडी मोजे होते, मनगटाशी बांधलेले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"दोरे संपले की कातडी ओढतात हो," तिथल्या मावशी म्हणाल्या. "रक्त काढलं होतं. मग काय करणार आम्ही?"

काकू बाहेर आल्या, अंगणातल्या बाकावर बसल्या. आपणच हे केलं, असं त्यांच्या मनात घण घातल्यासारखं वाजत राहिलं. तिथून त्या घरी गेल्याच नाहीत. थेट टाकीमागे गेल्या. भाजीच्या एका लाकडी खोक्यात वाफ्यातली माती भरली, आणि खालच्या मुळांना धक्का न लावता घोळ, माठ, जे हाताला लागेल ते ढेकळांसकट त्यात बसवलं. सकाळी खोका कडेवर घेऊन बसमध्ये चढल्या. माती सांडत होती, लोक पाय वर घेत होते.

"माती आत आणायची नाही," दारावरच्या बाईंनी सांगितलं.

"व्हरांड्यात बसते."

"नियम आहे काकू."

"मग ते मोजे काढा आणि मला घालून बांधा," काकू म्हणाल्या. आवाज इतका चढला की आतून दोन-तीन मावश्या धावत आल्या. शेवटी व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरली गेली, खोका ठेवला, मिस्त्रींना खुर्चीवर आणून बसवलं आणि मोजे सोडले. हात पांढरे, सुरकुतलेले, नखांच्या कडेला खपल्या. ते कितीतरी वेळ तसेच होते. काकूंनी खोका त्यांच्या गुडघ्यांजवळ सरकवला. मग उजवा हात खाली गेला, घोळीचं एक बूड चिमटीत आलं, आणि निघालं. मिस्त्रींनी माती झटकली.

मावशी म्हणाल्या, "अगं बाई."

मग काकूंचं हेच काम झालं. वाफ्यात खोके मांडायचे, त्यात तण जोमानं वाढू द्यायचं, आणि बसमधून न्यायचं. एका पावसाळी सकाळी डॉक्टरांनी त्यांना थांब्यावर खोका घेऊन भिजताना बघितलं आणि गाडी थांबवली. मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं, खोका ठेवला. नंतर दर खेपेला तेच नेऊन सोडू लागले. "आमच्या दवाखान्यात सांगू नका हं," ते म्हणत, "दातात काडी चालत नाही मला, आणि गाडीत जंगल घेऊन फिरतो." आपल्या वाफ्यात तण ठेवायला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. फक्त मुळ्यांच्या ओळींमधे माती झाडायचं त्यांनी बंद केलं.

पण जे होणार ते खोके फक्त लांबवू शकत होते, थांबवू शकत नव्हते. दर खेपेला मिस्त्री कमी उपटत. मग एकच बूड हातात धरून बसू लागले. मावशी एकदा हळूच म्हणाल्या, "काकू, आता नका आणू. एवढं ओझं वाहता आणि ते बघतही नाहीत. मोजे पण लागत नाहीत आता, हात पडून असतात."

"आज आणलंय तर बसते थोडं," काकू म्हणाल्या.

मिस्त्री खोक्यासमोर बसले होते. खूप वेळानं त्यांनी घोळीची एक काडी खुडली, उपटली नाही, खुडली, आणि काकूंना कळायच्या आत तोंडात घातली. जाडसर पानं दातांखाली फुटली. मिस्त्रींचा चेहरा आक्रसला, एक डोळा बारीक झाला.

"आंबट," ते म्हणाले.

कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हो ना? फार आंबट आहे का हो?"

"अहो काकू, काय खायला देता त्यांना!" मावशी धावत आल्या.

"खाऊ दे. घोळ आहे, विष नाही." काकूंनी स्वतःही एक काडी तोडून तोंडात टाकली आणि मिस्त्रींच्या समोर तोंड करून चावू लागल्या. "बघा, मीपण खाते. आंबट आहे."

मिस्त्रींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. लहान मूल बघतं तसं, ओठ कसे हलतात ते. दुसरी काडी काकूंनी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पुन्हा काही बोललेही नाहीत.

पुढच्या खेपेला काकूंनी खोका नेला नाही, धुतलेल्या घोळीची एक जुडी नेली. मिस्त्रींनी तोंड उघडलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. काकू त्यांच्या ओठांशी पान धरून बसत, आणि वेळ संपल्याचं मावशींनी सांगितलं की जुडी पिशवीत टाकून उठत.

वाफ्यात त्या वर्षी भोपळे एवढे आले की काकूंनी ते वाटले. समोरच्या बाईनं एक मोठा नेला आणि जाता जाता विचारलं, "आता मिस्त्री येत नाहीत, तर ते सगळं काढून का टाकत नाही?"

"उंच वाढलेलं कापते मी," काकू म्हणाल्या. "जमिनीलगतचं असू दे. माती उघडी पडली की भेगा पडतात."

बाई गेल्यावर त्या पालथ्या बादलीवर बसल्या. दुपार डोक्यावर होती. मांडीवर शिवण होती, पण ज्याच्यामागे धावत सुटावं असं आता इथे कोणी नव्हतं, आणि तरीही दर टाक्याला त्यांची मान वर होत होती.